आक्काला आणाय गेलतो, बैठका मारून आलो

माझं शिक्षण दुसरीपातूर. गावात लोकं म्हणत्यात, म्हादबा दुसरी नापास हाय. साफ खोटं हाय हे. परीक्षेदिवशी आमची म्हस हरवलती, तिला हुडकाय गेलतो. परीक्षेला बसलोच न्हाय तर नापास कसा हुईन? म्हस सांजच्याला घावली, शाळा तेवढी हरवली ती कायमची. एस्टीची पाटी मला वाचता येती, पण एस्टी उभी पाहिजे. तवा हे जे तुम्ही वाचतायसा, त्यात हात दुसऱ्याचा आणि तोंड माझं हाय.

आमचं गाव राधानगरी धरणाच्या वरल्या अंगाला. चार महिने पाऊस, चार महिने चिखल, आणि ऱ्हायलेलं चार महिने चिखल वाळला का ते बघायचं. कोल्हापूर हितनं दोन-अडीच तासावर. मी शंभरदा तरी गेलो असंन. दवाखान्याला, बी-बियाणाला, कुणाच्या लग्नाचा बस्ता बांधाय. पण सकाळी जायाचं आणि सांजच्या धारंला परत. मुक्काम कधी न्हाय. आमच्याकडं अशी लई माणसं हायत, शंभरदा कोल्हापूरला गेलेली आणि एकदाबी कोल्हापूर न बघितलेली. त्यांच्यासाठी हे सांगतोय.

गेलतो कशाला, तर आक्काला आणाय. आक्का म्हंजे माझी थोरली बहीण, हौसाक्का. वय चौऱ्याहत्तर, माझ्याहून सहा वर्सांनी मोठी. पंधराव्या वर्साला लगीन होऊन शिवाजी पेठेत गेली. दाजी गुळाच्या अड्ड्यावर हमाल हुतं, ते जाऊन आठ वर्सं झाली. लेक एकच, ती इचलकरंजीला दिलीया. आक्कानं तीस वर्सं एका वाचनालयात झाडलोट केली आणि आता एका खोलीत एकटी ऱ्हाती.

आमचा थोरला पोरगा संभा म्हणाला, "आबा, आत्तीचं वय झालं. उद्या काय बरंवाईट झालं म्हंजे लोकं आमच्या तोंडात शेण घालतील. घेऊनच या." सुनंनं कडब्याची खोली रिकामी करून चुना मारला. धाडायला घरात रिकामा माणूस एकच, तो मी. निघताना संभानं माझी काठी हातात दिली. आमच्याकडं साठी झाली की माणसाला काठी देत्यात. पाय चांगलं असलं तरी देत्यात. न्हाई घेतली तर लोक म्हणत्यात, म्हाताऱ्याला चढलंय.

गुरुवार, पेठ

स्टँडपासनं पेठेपातूर चालत गेलो. वाट चुकत चुकत तासभर लागला. पेठ म्हंजे घराला घर चिकटलेलं. एका घरात फोडणी पडली की चौथ्या घरात ठसका. प्रत्येक बोळाच्या तोंडाला एक तालीम, आणि प्रत्येक तालमीबाहेर फुटबॉलच्या गप्पा. एकाला इचारलं, "हौसाबाई कुठं ऱ्हातात?"

"कोण, पुस्तकवाली आक्का व्हय? पावणं, ह्या जिन्यानं वर जावा. पण सांबाळून, जिना जरा खडा हाय."

जिना न्हवताच तो. शिडीला लाज वाटली म्हणून तिनं भिंत धरलती एवढंच. मधी एक दोर लोंबत हुता, त्याला धरून चढायचं. मी सातव्या पायरीवर दम खात बसलो. तेवढ्यात खालनं आक्का आली. दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या. मला वलांडून वर गेली आणि वाकून बघून म्हणाली, "काय रं म्हादू, तुझं त्या कुणकेश्वराकडच्या होडीवाल्यागत झालं की! ना ह्या तीराला, ना त्या तीराला."

"कुठला होडीवाला?"

आक्का हासली. "हितं इचारलास ते बरं झालं. उद्या सकाळी इचारला असतास तर महाग पडलं असतं."

मला काय कळलं न्हाय. ते मला नवीन न्हाय.

खोली म्हंजे दहा बाय बाराची. एक खाट, एक शेगडी, आणि साबणाच्या खोक्यात भरलेली पुस्तकं. वाचनालयानं मोडीत काढलेली. कुणाला पुठ्ठा न्हाय, कुणाला शेवटची पानं न्हाईत. मी म्हटलं, "शेवट न्हाय तर वाचून काय उपेग?" तर म्हणाली, "शेवट मी करतो की. लेखकापेक्षा बरा हुतो कधी कधी."

(आमच्याकडं बायकाबी 'करतो, जातो' म्हणत्यात. पुण्यामुंबईच्या वाचकांनी दचकू नये.)

जेवायला भाकरी आणि वांग्याचं भरीत हुतं. मी लई हुशार. म्हटलं पोटात घास गेल्यावर माणूस मऊ पडतो, तवा इषय काढू. काढला. घर कसं मोकळं हाय, खोलीला कसा चुना मारलाय, तुला काय सुदीक काम करायला लागणार न्हाय.

"मग तिथं करू काय मी?"

"करायचं काय? बसायचं."

"तेच म्हंतो मी," आक्का म्हणाली. "बसायचं." आणि माझ्या ताटात आणिक एक भाकरी टाकली. भाकरी खाऊन मीच मऊ पडलो आणि झोपलो.

शुक्रवार, तालमीची मागची बाजू

सकाळी उठून काठी हुडकाय लागलो. आक्का म्हणाली, "काल आलास तवा तुझ्या हातात काठी न्हवतीच." काठी एस्टीत ऱ्हायलीती. म्हंजे स्टँडपासनं तासभर मी काठीबिगर चाललो आणि मला पत्ताच न्हाय. पायांनीबी सांगिटलं न्हाय. आठ वर्सं काठी घेऊन हिंडलो, आणि ती माझ्यासाठी न्हवतीच, लोकांसाठी हुती.

सात वाजता आक्का मला तालमीत घेऊन गेली. मी दारात थांबलो. चौऱ्याहत्तर वर्साची बाई तालमीत, हे बघायचं माझं वय न्हवतं. पण ती सरळ मागच्या अंगणात गेली. तिथं उंबराच्या झाडाखाली पत्र्याच्या खुर्च्या टाकलेल्या. सात-आठ म्हातारी माणसं बसलीती. त्यातली दोन ध्यानात ठेवा, बाकीची माझ्यागत, मोजायला.

एक काशीनाथअण्णा. वय ऐंशी. जन्मभर एस्टी चालवली, आणि तरुणपणी पेठेच्या संघाचा गोलकीपर. अजूनबी चहाचा कप समोर आला की हात उडी मारल्यागत पुढं जातोय. दुसऱ्या सुशीलाताई, सरकारी दवाखान्यातनं रिटायर झालेल्या नर्स. त्यांच्या वडलांनी धर्म बदलला तवा घरातली देवाची फळी रिकामी झाली, तिच्यावर वडलांनी पुस्तकं लावली. आमच्या घरातबी फळी हाय. तिच्यावर देवबी हायत आणि मोबाईलचं चार्जरबी हाय.

आक्कानं वळख करून दिली, तसं मी 'जयभीम ताई' म्हटलं. त्यांनी 'जयभीम' म्हणून खुर्ची सरकवली. मी बसणार एवढ्यात अण्णा कडाडलं, "आलं का वतनदार! घोडा कुठं बांधला?"

मी म्हटलं, "घोडा न्हाय, एस्टीनं आलोय."

अण्णांच्या तोंडावर गोल वाचवल्यागत आनंद. "दहा!"

"दहा काय?"

"बैठका. पावणं हायसा म्हणून दहा. न्हाईतर तुमच्या उत्तराला वीस पाहिजे हुत्या."

मग सुशीलाताईंनी मला समजावलं. वीसेक वर्सांमागं वाचनालयाचा हॉल दुरुस्तीला काढला, तवा सकाळी पेपर वाचाय येणारी म्हातारी ह्या अंगणात आली. हितं आधीपासनं रिटायर पैलवान बसायचं. दोन पार्ट्यांचं जमंना. वाचणारी म्हणायची ह्यांना डोकं न्हाय, पैलवान म्हणायचं ह्यांना मांडी न्हाय. शेवटी तालमीच्या वस्तादांनी कायदा केला. बोलता बोलता कुणीतरी पुस्तकातलं काहीतरी टाकायचं, गुपचूप, पुस्तकाचं नाव न घेता. समोरच्यानं वळखलं तर टाकणाऱ्यानं दहा बैठका मारायच्या. वळखलं न्हाय तर समोरच्यानं. पुढं हॉल दुरुस्त झाला, पण कोण परत गेलं न्हाय. पैलवान बैठका चुकवायसाठी वाचाय लागलं, आणि वाचणाऱ्यांच्या मांड्या पैलवानागत झाल्या.

मी दहा मारल्या. म्हंजे मारल्या असं अण्णा म्हणालं. माझ्या हिशोबानं मी दहादा पडलो आणि नऊदा उठलो.

त्या सकाळी चाळीस झाल्या. पाऊस येणार का म्हणून कोण बोललं, ते कुठल्या तरी गोष्टीतलं. एकीनं सुनंचं गाऱ्हाणं सांगिटलं, मी लई मनापासनं ऐकलं, मान हालवली, ती नाटकातली सून निघाली. शेवटी माझी अशी गत झाली की सुशीलाताई "चहा घ्या, गार होतोय" म्हणाल्या तर मी खुर्ची सोडून उभा ऱ्हायलो. "हे कुठल्या पुस्तकातलं?"

"हे किटलीतलं आहे. बसा."

आणि आक्का? आक्कानं सगळं वळखलं. कोण काय टाकंल ते टाकायच्या आधी तिच्या तोंडावर कळायचं. अण्णा म्हणालं, "नऊ वर्सं झाली, आक्कानं हरून एक बैठक मारली न्हाय. आम्ही लई पुस्तकं घातली तिच्या अंगावर. बाई हालत न्हाय."

तिथं माझ्या डोक्यात किडा वळवळला. सगळ्यांच्या देखत म्हटलं, "आक्का, रविवार सकाळपातूर मी तुला एकदा जरी दहा बैठका मारायला लावल्या, तर तू गावाला यायचंस. कायमची."

आक्का माझ्याकडं बघत बसली. मला वाटलं हासंल. हासली न्हाय.

"आणि न्हाय लावल्यास तर?"

"परत कुणी तुला न्ह्यायला येणार न्हाय. मी संभाला सांगीन."

"कबूल," आक्का म्हणाली.

अण्णा माझ्याजवळ येऊन कानात म्हणालं, "पावणं, धाडस हाय बगा तुमच्यात. अक्कल दिसत न्हाय, पण धाडस हाय."

सांजच्याला आक्का मला दूध प्यायला घेऊन गेली. कोल्हापुरात ही एक जगायेगळी तऱ्हा. म्हशी रस्त्याकडंला उभ्या, गिऱ्हाईक पेला घेऊन रांगेत, आणि समोर धार काढून तसंच ऊन फेसाळतं दूध पेल्यात. माझं अर्ध आयुष्य म्हशीखाली गेलं, पण हे बघाय मी रांगेत उभा! म्हस बघून जिवाला बरं वाटलं. दोन दिवसात पहिल्यांदा कुणीतरी वळखीचं भेटलं. धार काढणाऱ्याला म्हटलं, "भावा, अंगठा आत घेऊ नको, सड दुखतोय तिचा." तो म्हणाला, "या की मग, काढून दावा." मी धोतर सावरून बसलो, थानाला हात लावला आणि म्हशीनं अशी लाथ घातली की मी आक्काच्या पायाजवळ येऊन पडलो. साठ वर्सांत आमच्या एका म्हशीनं मला लाथ मारली न्हाय. धार काढणारा म्हणाला, "पेठेतली हाय पावणं. वळख लागती."

शनिवार, वाडी

पहिला डाव शनिवारी सकाळी टाकला. रात्री आक्काचा डोळा लागल्यावर मी पुस्तकं चाळलीती, पण ती सगळी तिनं वाचलेली. मग मला कळलं, तिनं न वाचलेलं काय असंल तर ते पुस्तकात नसणार. कुकरच्या खोक्यात एक चिठ्ठी घावली. अर्धा तास लावून एक ओळ पाठ केली. सकाळी अंगणात छाती काढून म्हटलं, "झाकण लावण्यापूर्वी वाफेचे छिद्र स्वच्छ असल्याची खात्री करावी."

आक्का चहा फुंकत म्हणाली, "कुकरची चिठ्ठी. दुसरं पान, खालनं तिसरी ओळ. आता मार दहा."

अंगणातली लोकं खुर्च्या धरून हासली. मी मारल्या.

त्या दिवशी आक्का मला नृसिंहवाडीला घेऊन गेली. दत्ताचं दर्शन, आणि पंचगंगा कृष्णेला मिळती तिथला घाट. आता ज्यानं आदल्या दिवशी चाळीस आणि त्या दिवशी दहा बैठका मारल्यात, त्यानं घाटाच्या पायऱ्या उतरणं म्हंजे काय, ते माझ्या गुडघ्यांना इचारा. पाय वाकतच न्हवतं. शेवटी मी खाली बसलो आणि बसल्या बसल्या एकेक पायरी सरकत निघालो. आठ-धा पायऱ्या झाल्या असतील, एक बाई आली आणि माझ्या पाया पडली. "बाबा, किती पायऱ्यांचा नवस हाय?" मी काय सांगणार? म्हटलं, "खालपातूर." तिनं नवऱ्याला हाक मारली, "अवो, बघा जरा, ह्या वयात काय भक्ती हाय!" नवऱ्यानंबी पाय धरलं. पाय धरल्यावर दुखलं म्हणून मी 'आई गं' म्हटलं, तर त्याला वाटलं आशीर्वाद दिला. आक्का वर उभी राहून पदरात तोंड घालून हासत हुती.

पाण्याजवळ बसून बासुंदी खाल्ली. वाडीची बासुंदी असली दाट की तोंडात घास फिरवाय लागतो. आमच्याकडं एवढं दूध, पण बासुंदी कोण करत न्हाय. सगळं डेअरीला घालायचं आणि आपण कोरा चहा प्यायचा. तिथं मी इचारलं, "आक्का, खरं सांग. एकटीला भ्या वाटत न्हाय?"

"वाटतंय की. न्हाणीत पाय घसरला तर कोण उचलणार, हे रोज मनात येतंय."

"मग?"

ती पाण्याकडं बघत म्हणाली, "म्हादू, मी वाचनालयात लागलो तवा मला अ येत न्हवता. पुस्तकं पुसून परत ठेवायची, तर रंगावरनं ठेवायचो. लाल लालजवळ, हिरवं हिरव्याजवळ. साहेब वरडायचं. सुशीलाताई तवा पुस्तक बदलाय यायच्या. त्यांनी पाटी आणली, जिन्यात बसून शिकवलं. मग ह्या अंगणात आलो. पहिल्या वर्साला एक गोष्ट वळखली न्हाय मी. रोज शंभर बैठका पडायच्या. लुगडं खोचून मारायचो. अडाणीपणानं हे पाय झालंत माझं. पुढं एकेक पुस्तक वाचत गेलो आणि बैठका कमी होत गेल्या."

"आता तर शून्य."

"शून्य. पण म्हणूनच रोज सकाळी वाटतंय, आज कोणतरी आपल्याला हरवंल. गावात मला मान मिळंल. पाया पडतील, पाट देतील, बसवतील. हितं अजून मला शिक्षा हुऊ शकती म्हादू. चौऱ्याहत्तराव्या वर्साला शिक्षा करणारी माणसं कुणाला मिळत्यात?"

मी बासुंदीचा घास तोंडात फिरवत बसलो.

येताना एस्टीत कंडक्टर म्हणाला, "पुढं सरका, मागं जागा द्या." मी आक्काला हळूच इचारलं, "हे कशातलं?"

रविवार

रविवारी माझी पिशवी भरूनच आम्ही तालमीत गेलो. आक्कानं घरच्यांसाठी वाडीचं पेढं, सुनंला बांगड्या, सगळं बांधून दिलतं. डाव संपल्यागतच हुता. अण्णांनी दारातच मला घाव घातला, "आज निघालासा? पण मेहुणा पुराचं पाणी बघून जातो म्हणाला हुता!"

मी वाद न घालता खुर्ची बाजूला केली आणि बैठका सुरू केल्या. सहाव्या बैठकीला गुडघा अडकला. खाली गेलो ते वर येईना. आता जोर आणायला माणूस 'हर हर महादेव' म्हणतो, 'आई गं' म्हणतो. माझ्या तोंडातनं आपसूक दुसरंच आलं. आमची आई जात्यावर दळताना एक ओवी म्हणायची. मी तवा नऊ-धा वर्सांचा, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो, आणि जातं जड झालं की ती ह्याच ओवीवर जोर द्यायची. वठातल्या वठात म्हटली मी आणि वर आलो.

"काय म्हटलास?" आक्का म्हणाली.

"काय न्हाय. कण्हलो."

"मोठ्यानं म्हण."

मी म्हटली.

*लेक दिली मी पेठंला, माघारी तिला आणू नका*
*पेरलेल्या गं दाण्याला, पोत्यात पुन्हा भरू नका*

आक्का उठून उभी ऱ्हायली.

"कुठली रं ही?"

तोंडातनं सवाल गेला आणि तिलाच कळलं, गेला. ह्या अंगणात 'कुठलं' म्हणणारा हरतो. कोण हासलं न्हाय. अण्णा म्हणालं, लई हळू, "दहा, आक्का."

"दहा मारतो की. पण आधी सांग, कुठली?"

मला सांगायलाच लागलं. आक्काच्या लग्नाला वरीस झालं हुतं. दाजींचं काम सुटलं हुतं, घरात दाणा न्हवता, आणि आक्कानं एका गाववाल्याबरोबर सांगावा धाडला, मला घेऊन जावा. आमच्या आबांनी, म्हंजे आमच्या वडलांनी, दुसऱ्या दिवशी पहाटंला गाडी जुपली. आई बाहेर आली न्हाय, आबांसमोर ती कधी तोंड उघडायची न्हाय. ती जात्यावर बसली आणि आत दळता दळता ही ओवी म्हणाय लागली. एकच ओवी, परत परत, बाहेर ऐकू जाईल अशी. आबा गाडीवर बसून ऐकत ऱ्हायलं. उजाडलं तवा खाली उतरलं आणि बैल सोडलं.

"गाडी जुपलती?" आक्का म्हणाली.

"जुपलती. मी बघितलंय. आबांनी घोंगडंबी अंथरलतं तुझ्यासाठी."

"मी आठ दिवस बोळाच्या तोंडाला उभा ऱ्हायलतो म्हादू. मला वाटलं, कुणाला पडलीच न्हाय माझी. आईला लिहाय येत न्हवतं, वाचाय येत न्हवतं. गावाबाहेर गेली न्हाय ती. आणि मी हितं रुजणार हे तिला कळलं हुतं व्हय?"

सुशीलाताईंनी पेपर ओढला. "म्हादबा, दुसरी ओळ परत म्हणा." मी म्हटली, आणि त्यांनी ती पेपरच्या कोऱ्या कडेवर लिहून घेतली. जन्मात पहिल्यांदा मी बोललेलं कुणीतरी लिहून घेतलं. आईचं हुतं, पण तोंड माझं हुतं.

मग आक्कानं पदर खोचला. दहा बैठका मारल्या. सरळ पाठ, तळवा जमिनीला चिकटलेला, मोजणी अण्णांची. सातव्याला ती थांबली, डोळं पुसलं, परत खाली गेली. दहा झाल्यावर मला म्हणाली, "चल. ट्रंक माळ्यावर हाय, तेवढी खाली काढायला लाग."

खरं सांगतो, तिनं शबूद पाळला. ती येणार हुती. अंगणातलं कोण 'नको' म्हणालं न्हाय, कायद्याला कायदा. सुशीलाताईंनी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला आणि पुसतच बसल्या.

मी म्हटलं, "आक्का, ट्रंक ऱ्हाऊ दे."

"का? हरलो न्हवं मी?"

"हरलीस. पण मी कुठली ओवी म्हणून जिंकलो ते बघ की. आबांनी एवढी जुपलेली गाडी सोडली, आणि मी तर तिकीट काढून आलेला माणूस. मला न्हाय जमणार."

आक्कानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, लहानपणी घालायची तसा, आणि खुर्चीत बसली. अण्णा डोकं खाजवत म्हणालं, "आरं पण मग जिंकलं कोण? जिंकून हरलेला गडी मी पहिल्यांदा बघतोय. ह्याला बैठका किती?"

"ह्यांना माफ," सुशीलाताई म्हणाल्या. अण्णांना ते पटलं न्हाय. निघायच्या आधी माझ्याकडनं आणिक पाच घेतल्या.

दुपारच्या एस्टीला आक्का स्टँडवर आली. खिडकीतनं पेढ्यांचा पुडा दिला आणि म्हणाली, "आईच्या आणिक ओव्या आठवल्या तर फोनवर सांग. पण आठवणीनं सांग, शिक्षा म्हणून न्हवं." मी म्हटलं, "दहा बैठका मारल्या तर एखादी आठवंल." सकाळी धारा झाल्या की गोठ्यामागं जाऊन मारतो आता. म्हशी बघत असत्यात. चार आठवल्या आत्तापातूर.

घरी गेल्यावर संभानं माझ्यामागं रस्त्याकडं बघितलं. "आत्ती कुठं हाय?"

मी म्हटलं, "पैज लावली आणि हरलो. आता कुणी तिला आणाय जायचं न्हाय, शबूद दिलाय."

कसली पैज, कुणाबरोबर, कसा हरलासा, एकानंबी इचारलं न्हाय. म्हादबा हरला म्हटल्यावर घरात सगळ्यांना लगेच पटलं. संभा 'वाटलंच हुतं' म्हणून वैरणीला गेला, आणि सुनंनं चुना मारलेल्या खोलीत परत कडबा रचला.

खरं काय झालं ते मी हितं पहिल्यांदा सांगतोय. घरात कळंल ह्याचं मला भ्या न्हाय. आमच्या घरात वाचतंय कोण?